फिसिडेन्सचे वर्गीकरण आणि पूर्व मराठवाड्याची कोरी जागा

हरितांमध्ये, म्हणजे मॉस वनस्पतींमध्ये, फिसिडेन्स ही प्रजाती ओळखणे अगदी सोपे. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग त्याला पुरते. पण 'हे फिसिडेन्स' असे एकदा म्हटले की लगेच 'कोणते फिसिडेन्स?' हा प्रश्न उभा राहतो आणि तिथे भल्याभल्यांना घाम फुटतो. जगभरात या प्रजातीच्या सुमारे ४४० जाती मानल्या जातात. सगळ्या हरिता मिळून बारा-तेरा हजार जाती. त्यांत एका प्रजातीचा एवढा वाटा म्हणजे थोडाथोडका नव्हे. मृग बरसून गेला आणि आर्द्रा लागल्या की नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद परिसरातल्या जुन्या आडांच्या कठड्यांवर, मोऱ्यांच्या सावलीतल्या भिंतींवर, ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या कापांवर जो हिरवा थर धरतो, त्यात ही प्रजाती असते. आपण त्या सगळ्याला 'शेवाळ' म्हणतो आणि पाय घसरू नये म्हणून जपून पुढे जातो.

दोनशेहून अधिक वर्षे जगातले अभ्यासक या प्रजातीची विभागणी करत आहेत आणि ती अजून पुरती स्थिरावलेली नाही. तिच्या प्रसाराचे नकाशेही तयार आहेत. मात्र हे नकाशे नीट पाहिले तर वनस्पती कुठे वाढते यापेक्षा माणसे कुठे गोळा करायला गेली हेच त्यांतून जास्त दिसते. पूर्व मराठवाडा या नकाशात जवळजवळ कोरा आहे. ही जागा कोरी का राहिली आणि ती भरली तर प्रजातीच्या समजुतीत काय फरक पडेल, हे सांगण्यासाठी हा आढावा.

आधी पान पाहू, कारण सगळा वाद पानापासूनच सुरू होतो.

बहुतेक हरितांची पाने खोडाभोवती सर्व बाजूंनी येतात. फिसिडेन्सची पाने दोनच रांगांत, खोडाच्या डाव्या-उजव्या बाजूला, एकाच पातळीत येतात. त्यामुळे आख्खे रोप चपटे, एखाद्या चिमुकल्या पिसासारखे दिसते. आपल्या मैदानी भागातल्या जातींची उंची काही मिलिमीटर एवढीच असते. आता एक पान सुईने सोडवून पाण्याच्या थेंबात ठेवले आणि सूक्ष्मदर्शीखाली धरले, तर साध्या पानात नसणारी एक गोष्ट दिसते. पानाच्या बुडाकडचा अर्धा भाग दुहेरी आहे. दोन पापुद्रे मध्यशिरेपासून निघून खोडाला आणि वरच्या पानाच्या बुडाला मिठीत घेतल्यासारखे बसतात. मध्यशिरेच्या पाठीकडून एक वेगळा पापुद्रा निघतो आणि खाली बुडापर्यंत उतरतो. टोकाकडचा भाग मात्र एकेरी, सपाट असतो. म्हणजे एकाच पानात मिठीचे दोन पापुद्रे, पाठीचा एक आणि टोकाचा एक. ही रचना इतर कोणत्याही हरितेत नाही, म्हणून प्रजाती चुकत नाही.

मग यातले 'खरे' पान कोणते? प्रकाशाला समोर तोंड असलेले साधे पान दुमडून असे झाले, की पानावर नंतर काही नवे वाढले? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ब्राऊन यांनी उत्तर सुचवले. मिठीचे दोन पापुद्रे हेच मूळ पान; पाठीचा आणि टोकाचा भाग ही मध्यशिरेवर नंतर आलेली वाढ. परागकणांतले सूक्ष्म कण पाण्यात थरथरतात हे ज्यांनी नोंदवले आणि ज्यांचे नाव त्या हालचालीला मिळाले, तेच हे ब्राऊन. त्यांच्या मताला बरेच विरोधक होते. १८९९ मध्ये अर्नेस्ट साल्मन यांनी 'अॅनल्स ऑफ बॉटनी'मध्ये या प्रश्नावर सविस्तर लेख लिहून ब्राऊन यांची बाजू उचलून धरली. त्यासाठी लांब जाण्याची गरज नव्हती, पुरावा रोपावरच होता. फिसिडेन्सच्या खोडाच्या अगदी बुडाची पाने पाहिली तर ती साध्या हरितेसारखी असतात; पाठीचा पापुद्रा नसतो किंवा नावापुरता असतो. वर वर जावे तशी ती जादा वाढ ठळक होत जाते. खोडाच्या टोकावरची वाढणारी पेशीही हेच सांगते. कोवळ्या अंकुरात ती बहुतेक हरितांसारखी तीन बाजूंनी नव्या पेशी कापते. रोप मोठे होताना दोनच बाजूंनी कापू लागते आणि तिथून पुढे पाने दोन रांगांत येतात. ज्या विद्यार्थ्याला उत्क्रांती पुस्तकात नव्हे तर काचपट्टीवर पाहायची आहे, त्याने हे एक रोप बुडापासून टोकापर्यंत पान-पान सोडवून पाहावे.

नावाचा इतिहास जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सुरू होतो. योहान हेडविग हे पेशाने वैद्य. हरितांच्या अभ्यासाचे ते जनक मानले जातात. १७९९ मध्ये ते वारले; त्यांचे हरितांवरचे मोठे पुस्तक त्यांचे शिष्य श्वेग्रिखेन यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केले. हरितांची अधिकृत नावे आज याच पुस्तकापासून मोजली जातात, अपवाद फक्त स्फॅग्नमचा. फिसिडेन्स हे नावही त्यातच मान्य झाले. हेडविग यांनी प्रजाती वेगळी काढली ती बीजुकांच्या कुपीच्या तोंडावरून. या कुपीच्या तोंडाभोवती सोळा लालसर दात असतात आणि प्रत्येक दात वरच्या भागात दोन शाखांत चिरलेला असतो. हवेतला ओलावा बदलला की हे दात आत वळतात किंवा बाहेर उघडतात आणि त्या हालचालीने बीजुके थोडी थोडी बाहेर पडतात. सूक्ष्मदर्शीखाली पिकलेल्या कुपीवर हलकेच श्वास सोडला तर दात हलताना दिसतात. प्रयोगशाळेत एकदा हे पाहिलेले मूल हरितांना कंटाळवाणे म्हणत नाही.

हेडविग यांची सुरुवात दातांवरून झाली खरी, पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षे वर्गीकरण पानाच्या कडेवर येऊन थांबले. त्याला कारण होते. जगभरातून लाकडी खोक्यांतून येणारे वाळलेले नमुने बहुधा अर्धवट असत. कुपी नसे, असली तर कच्ची किंवा दात झडलेली. पान मात्र नेहमी असे. फिसिडेन्सच्या बऱ्याच जातींच्या पानाला लांबट, जाड भिंतींच्या पेशींची फिकट किनार असते. काही जातींत ही किनार संपूर्ण पानाला, काहींत फक्त मिठीच्या पापुद्र्यांना, काहींत मुळीच नसते. कार्ल म्युलर यांच्यापासून पुढे विभाग पाडताना हीच किनार मुख्य धरली गेली. हेलसिंकीत शाळामास्तरकी करता करता जगभरच्या हरिता तपासणारे ब्रोथेरुस यांनी एंग्लर आणि प्रांट्ल यांच्या जर्मन ग्रंथमालेत सगळ्या हरितांची मांडणी केली. त्यांच्या विभागांची चौकट पुढे दीर्घकाळ टिकली. भारतातल्या पुस्तकांतही ती जशीच्या तशी आली.

या चौकटीची अडचण कुणालाही एकाच रोपावर पाहता येते. ज्या जातींत किनार फक्त मिठीच्या भागाला असते, त्यांत ती कुपी धरणाऱ्या फांदीच्या वरच्या पानांवर ठळक आणि वांझ फांदीच्या पानांवर पुसट किंवा गायब असते. म्हणजे एकाच ढेकळावरची दोन रोपे वेगवेगळ्या विभागांत जाऊ शकतात. मान्य जातींच्या कितीतरी पट नावे या प्रजातीत साचली, त्यामागचे मोठे कारण हे. दुसरे कारण अंतराचे. आशियात काम करणारा अभ्यासक एक नाव देई, अमेरिकेत काम करणारा त्याच रोपाला दुसरे. कामिल मोंतान्य या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १८४५ मध्ये जावाच्या नमुन्यावरून फिसिडेन्स झोलिंजेराय ही जाती वर्णिली. पुढे अमेरिकेच्या उष्ण भागात फिसिडेन्स केगेलियानस नावाने ओळखली जाणारी वनस्पती हीच असल्याचे लक्षात आले. एकाच जातीची दोन खंडांत दोन नावे असली तर प्रसाराचा नकाशा खोटा बोलतो. दोन स्थानिक जाती दिसतात, आणि प्रत्यक्षात असते एक सर्व उष्ण कटिबंधात पसरलेली जाती.

किनारीवरची भिस्त सुटायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. जपानमध्ये झेन्नोसुके इवात्सुकी आणि सुझुकी यांनी १९८२ मध्ये तिथल्या जातींचे नव्याने परीक्षण केले. मध्यशिरेचा आडवा छेद घेऊन तिच्यातल्या पेशींची मांडणी पाहणे हा तिथल्या कामाचा कणा होता. नेदरलंड्सच्या ब्रुखमन-नानेंगा आणि बेरेंडसेन यांनी १९९० मध्ये दातांच्या नक्षीचे प्रकार ठरवून दिले. दातावरच्या पट्ट्या, गाठी, सर्पिल जाडी, शाखा कुठून फुटतात, हे सगळे तपासून त्यांनी दाखवले की दातांचा प्रकार एकेका गटात स्थिर राहतो. २००४ मध्ये अमेरिकेतले रोनाल्ड पर्सेल आणि ब्रुखमन-नानेंगा यांनी मिळून प्रजातीची फेरमांडणी केली. दातांचा प्रकार, मध्यशिरेची रचना आणि कुपीच्या भिंतीच्या पेशी या तिन्हींवर आधारून त्यांनी पॅकिफिसिडेन्स, ऑक्टोडायसेरास, अॅलोमा आणि फिसिडेन्स अशा चार उपप्रजाती मानल्या. किनार आता जाती ओळखण्याच्या किल्लीत उरली; मोठे विभाग पाडण्याचा मान तिच्याकडून गेला.

नंतर डीएनए आले. २०१८ मध्ये सुझुकी, इनोउए आणि त्सुबोता यांनी हरितद्रव्याच्या कणांतल्या जनुकांवरून वंशवृक्ष बांधला आणि उपप्रजाती तीनवर आणल्या: पॅकिफिसिडेन्स, निओअॅम्ब्लियोथॅलिया आणि फिसिडेन्स. पाण्यात बुडून वाढणाऱ्या, मऊ, लांब फांद्यांच्या जातींचा जो गट कधी काळी वेगळी प्रजाती मानला जात होता, त्याला २००४ मध्ये निदान उपप्रजातीचा मान होता; नव्या मांडणीत तोही उरला नाही. पाण्यातल्या जगण्याने रूप पार बदलते, पण रूप बदलले म्हणून वंश दूरचा ठरत नाही.

प्रजातीची वरची जागाही अशीच बदलली आहे. फिसिडेंटेसी या कुलात ही एकच प्रजाती ठेवतात. जुन्या पुस्तकांत या एका कुलासाठी स्वतंत्र गण होता, कारण असे पान दुसऱ्या कुणाचेच नाही. दात मात्र डायक्रॅनम या हरितांच्या दुसऱ्या प्रजातीच्या आणि तिच्या नातलगांच्या दातांशी जुळतात. डीएनएनेही नाते तिकडेच दाखवले आणि आज हे कुल डायक्रॅनमच्या गोतावळ्यात ठेवले जाते. हेडविग यांनी १८०१ मध्ये ज्या दातांकडे बोट दाखवले, दोन शतकांनी वर्गीकरण पुन्हा त्यांच्यापाशी आले आहे. माझ्या मते २००४ ची मांडणी आपल्याकडच्या महाविद्यालयांना अजूनही जास्त उपयोगी आहे, कारण तिची लक्षणे ब्लेड, काचपट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शी एवढ्यावर तपासता येतात. वंशवृक्ष नाते सांगतो. ढेकळावरचे रोप ओळखायला लक्षणेच लागतात.

भारतातल्या कामाकडे वळू. विल्यम ग्रिफिथ हे कंपनी सरकारचे डॉक्टर आसाम आणि खासी टेकड्यांत फिरले. फिसिडेन्स नोबिलिस आणि फिसिडेन्स सिल्व्हॅटिकस ही नावे त्यांची. निलगिरीतून पेरोते यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून मोंतान्य यांनी फिसिडेन्स अॅनोमॅलस वर्णिली. १८५९ मध्ये विल्यम मिटन यांचे भारतातल्या हरितांवरचे पुस्तक आले आणि त्यात फिसिडेन्स क्रेन्युलेटससारख्या जाती प्रथम नोंदल्या गेल्या. मिटन हे ससेक्समधल्या एका गावात औषधांचे दुकान चालवत. नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचे सहशोधक आल्फ्रेड वॉलेस हे त्यांचे जावई. मिटन कधी भारतात आले नाहीत. त्यांचा नमुनासंग्रह पुढे न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानाने घेतला. हेडविग यांचा संग्रह जिनिव्हात आहे, ब्रोथेरुस यांचा हेलसिंकीत, इंग्रज हरिता-अभ्यासक डिक्सन यांचा लंडनमध्ये. भारतातल्या बऱ्याच जातींचे मूळ नमुने, म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नाव पक्के होत नाही ते रोप, असे चार गावी विखुरले. पन्नास वर्षांपूर्वी नांदेडच्या एखाद्या शिक्षकाला फिसिडेन्सवर काम करायचे असते, तर ही भिंत ओलांडणे अशक्यच होते. आता न्यूयॉर्कसह अनेक संग्रहांनी नमुन्यांची छायाचित्रे संगणकावर खुली केली आहेत. ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ध्यानात घेतली गेलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर कोलकात्याच्या हिरेंद्रचंद्र गांगुली यांनी १९६९ ते १९८० या काळात पूर्व भारतातल्या हरितांवर अनेक भागांत ग्रंथ काढला. चित्रे, वर्णने, किल्ल्या सगळे त्यात आहे. आजही भारतातली फिसिडेन्स ओळखायला बसणारा माणूस आधी तेच पुस्तक उघडतो. चंडीगडच्या आर. एस. चोप्रा यांचे भारतीय हरितांच्या वर्गीकरणावरचे पुस्तक १९७५ चे. दक्षिणेत पळणी टेकड्यांतल्या हरितांवर फादर फोरो यांचे काम १९६१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. जगदीश लाल यांनी २००५ मध्ये साऱ्या भारतातल्या हरितांची यादी प्रसिद्ध केली. या सगळ्यांत फिसिडेन्स मोठ्या प्रजातींपैकी एक आहे आणि नोंदी मुख्यतः हिमालय, ईशान्य भारत आणि पश्चिम घाट या तीन पट्ट्यांतल्या आहेत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर चित्र आणखी स्पष्ट होते. हरितांवरचे पुस्तकरूपातले महत्त्वाचे काम म्हणजे जी. टी. दाभाडे यांचे १९९८ मधले खंडाळा आणि महाबळेश्वर येथील हरितांवरचे. उत्तर कोकणातल्या शेवाळी वनस्पतींवर चौधरी आणि सहकाऱ्यांचे पुस्तक आहे. दोन्ही सह्याद्रीच्या ओल्या बाजूची. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नांदेड जिल्ह्यात हजाराच्याही आत. हरिता पाहायच्या तर ओलीकडे जावे, हे स्वाभाविकच. पण त्यातून एक समज रुजला: पठारावर, मराठवाड्यात, हरिता जवळजवळ नाहीतच. नोंद नसणे आणि वनस्पती नसणे यांत फरक आहे, आणि फिसिडेन्सच्या बाबतीत तो फार मोठा आहे.

कारण या प्रजातीचा स्वभावच सर्वत्र पसरण्याचा आहे. ध्रुवीय टोके आणि कोरडी वाळवंटे सोडली तर ती कुठे नाही? फिसिडेन्स ब्रायॉइडिस आणि फिसिडेन्स टॅक्सिफोलियस या जाती युरोपातल्या ओल्या मातीवर सर्रास दिसतात आणि बाहेरही दूरवर पोचल्या आहेत. फिसिडेन्स ग्रँडिफ्रॉन्स हिमालयातल्या वाहत्या, चुनखडीयुक्त पाण्यात दगडाला घट्ट धरून राहते. तिचे पान पेशींच्या एकाच थराचे नसून अनेक थरांचे, जाड असते. फिसिडेन्स फॉन्टॅनस पाण्यात बुडूनच वाढते आणि शोभेच्या माशांच्या टाक्यांत आज देशोदेशी विकली जाते. जातींची सर्वाधिक संख्या मात्र उष्ण कटिबंधात आहे आणि तिथल्या पुष्कळ जाती लहान, झटपट वाढणाऱ्या, उघड्या मातीवरच्या आहेत. झोलिंजेराय, सिलोनेन्सिस, क्रेन्युलेटस, क्रिस्प्युलस ही त्या गटातली नावे. त्यांना घनदाट जंगल लागत नाही. त्यांना हवी असते न ढासळणारी, थोडी सावलीतली, उभी माती किंवा सच्छिद्र दगड, आणि दोन-तीन महिने टिकणारी ओल. पाऊस संपला की रोप वाळून चुरा होते. जमिनीत बीजुके आणि धाग्यासारखे अंकुर उरतात. असे जगणे मराठवाड्याच्या हवामानाला अगदी जुळणारे आहे.

धर्माबादचा पट्टा यासाठी विशेष आहे. मराठवाडा म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट हे आपण शाळेपासून ऐकतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला मात्र हा थर संपत येतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, भोकर, किनवट या बाजूला बेसाल्टखालचा, अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट आणि नाइस उघडा पडतो. बेसाल्टची झीज होऊन काळी माती बनते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात. ज्या मातीचा पृष्ठभाग दरवर्षी फाटतो, तिच्यावर इवल्या हरितेला पाय रोवणे कठीण. ग्रॅनाइटची माती तांबूस, वाळूमिश्रित, मुरमाड. तिचे उभे काप टिकून राहतात. दोन प्रकारचे दगड आणि दोन प्रकारच्या माती काही कोसांच्या अंतरात, एकाच पावसाखाली. कोणती जाती पावसामुळे कुठे आहे आणि कोणती दगडामुळे, हे वेगळे करून पाहायचे तर अशीच जागा हवी. घाटात हे करता येत नाही, कारण तिथे काही मैलांत पाऊसच निम्म्यावर येतो.

त्यात गोदावरी आहे. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे नाव महाराष्ट्र-आंध्र वादामुळे सगळ्यांना माहीत झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे उघडी ठेवावी लागतात आणि २९ ऑक्टोबरपासून ती बंद करता येतात. शेतकऱ्यांच्या दृष्टीने या तारखांचा अर्थ वेगळा आणि मोठा आहे. वनस्पती अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ असा की पावसाळ्यात काठ पुराने धुतला जातो आणि इतरत्र माती वाळू लागते त्या महिन्यांत अडवलेले पाणी काठाशी उभे राहू शकते. काठावरच्या ओलीचे वेळापत्रक माणसाने ठरवून दिलेले आहे आणि ते लिखित आहे. हरितांचा हंगाम पाण्यामागे सरकतो का, हे पाहण्याची ही आयती संधी आहे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आणखी जागा आहेत. कंधारच्या किल्ल्याचा पाण्याचा खंदक आणि त्याच्या चुन्याने बांधलेल्या भिंती, होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, माहूरचा डोंगर आणि तिथली लेणी, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, किनवटचे जंगल, उदगीर आणि औशाचे किल्ले, जांभ्या दगडातली खरोशाची लेणी. गावोगावच्या बारवा तर वेगळ्याच मोलाच्या. बारवेत पायरी-पायरीने खाली उतरताना उजेड कमी होतो, ओल वाढते, तापमान उतरते. वीस-पंचवीस फुटांत जणू हवामानाचे चार पट्टे ओलांडले जातात. गेल्या काही वर्षांत लोक एकत्र येऊन बारवा साफ करू लागले आहेत. हे काम व्हायलाच हवे. फक्त भिंती खरवडण्याआधी त्यांवरचे अंगठ्याएवढे नमुने कुणीतरी कागदात घेऊन ठेवले, तर बारवही वाचेल आणि नोंदही.

फिसिडेन्स शोधताना गफलत कुठे होते? आपल्या भिंतींवर सर्वांत जास्त दिसते ती हायोफिला. तिची पाने सर्व बाजूंनी येतात आणि वाळली की आत गुंडाळतात. पाणी शिंपडताच उलगडून चांदणीसारखी होतात. सपाट जमिनीवर, कुंड्यांत, नळाशेजारी ब्रायम आणि फिस्कोमिट्रियम असतात. दोन रांगांची चपटी पाने पाहिली की फिसिडेन्स वेगळी पडते. यकृतकांच्या, म्हणजे लिव्हरवर्टच्या, काही जाती अशाच चपट्या असतात, पण त्यांच्या पानात मध्यशीर नसते आणि मिठीचा दुहेरी भाग नसतो. पुढे जातीपर्यंत जायचे तर कुपीसह नमुना हवा, आणि आपल्या भागात त्यासाठी श्रावण-भाद्रपद हे महिने साधावे लागतात. नुसती पाने आणली तर झोलिंजेराय सोडून द्या, पण किनार अर्धवट असलेल्या जातींपाशी गाडी हमखास अडते.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. नववी-दहावीच्या पुस्तकापासून बी. एस्सी.पर्यंत आपल्या मुलांना हरिता म्हणजे फ्युनारिया असे शिकवले जाते. फ्युनारियाच्या कायमस्वरूपी काचपट्ट्या बाहेरून विकत येतात. मुले त्यांवरून आकृती काढतात, गुण मिळवतात. फ्युनारिया उत्तम उदाहरण आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण महाविद्यालयाच्या आवाराच्या भिंतीवर जुलै-ऑगस्टमध्ये जिवंत हायोफिला आणि फिसिडेन्स असताना प्रात्यक्षिकाच्या तासाला विकतची काचपट्टीच समोर यावी, हे मला नुकसानीचे वाटते. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने एका पावसाळ्यात आपल्या गावाच्या पाच मैलांतल्या हरिता गोळा केल्या, तरी चार जिल्ह्यांचा पहिला विश्वासार्ह नकाशा उभा राहील. यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. भिंग, चाकू, जुने वर्तमानपत्र आणि संध्याकाळचे दोन तास लागतात. हरितेचा नमुना दाबून सुकवावा लागत नाही. कागदाच्या पाकिटात सावलीत वाळू दिला की वर्षानुवर्षे टिकतो, आणि तपासायचा तेव्हा गरम पाण्याचा थेंब टाकला की पान पुन्हा जिवंत असल्यासारखे उलगडते.

नमुन्याची एक जोडी आपल्याकडे ठेवावी आणि दुसरी पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर संग्रहालयात पाठवण्याविषयी आधी पत्राने विचारावे. नमुना अधिकृत संग्रहात नसेल तर नोंद छापून आली तरी पुढच्या अभ्यासकाला ती पडताळता येत नाही. एका जागेवरून नखाएवढेच ढेकूळ घ्यावे, थर सगळा उचलू नये. आणि पाकिटावर गाव, शिवार, तारीख, खालचा दगड काळा की तांबूस ग्रॅनाइट, जागा कोणत्या दिशेला तोंड करून आहे, एवढे पेन्सिलीने लिहावे. शाई ओलीने पसरते.